दरवाजा छत्तीस इंच

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार लिहावा की न लिहावा यात अर्धा दिवस गेला. लिहिला आहे असं समजून पुढे वाच.

तुझं कार्ड मिळालं. सात वर्षांनी आलेलं कार्ड माणूस उलटसुलट करून बघतो, तसं मीही बघितलं. मागे पत्ता, पुढे एक ओळ: ‘शहराच्या मध्यवस्तीत राहायला जाण्यापूर्वी काय काय पाहावे, ते कळवणे.’ सही नाही, खुशाली नाही. कळवणे! मी काय सरकारी कचेरीत बसतो? पण अक्षर तुझं होतं आणि कार्डाच्या कोपऱ्यावर कापडाच्या निळ्या खडूचा डाग होता. म्हणजे अजून कापतेस. बरं वाटलं.

राहायला कोणाला जायचंय ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. समज, अडुसष्ट वर्षांच्या एखाद्या बाईला यायचंय. तिचे गुडघे कुरकुरतात, गावाबाहेरचं घर तिला एकटीला मोठं होतं, आणि घरावरून जाणारी बस गेल्या महिन्यात बंद झाली. (बस बंद झाल्याचं मी पेपरात वाचलं. तुमच्या भागाच्या बातम्या मी मुद्दाम शोधत नसतो.) तर अशा बाईने काय बघावं?

आधी जिना बघावा. जागा बघायला आलेली माणसं स्वयंपाकघर बघतात, खिडकी उघडून ‘वा, काय उजेड’ म्हणतात, आणि निघून जातात. जिना कोणी बघत नाही. जिना बघायचा तो दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन आणि पोट रिकामं असताना. आमच्या इमारतीत माझ्या मजल्यापर्यंत बेचाळीस पायऱ्या आहेत. त्यातली तेविसावी बाकीच्यांपेक्षा अर्ध्या इंचाने उंच आहे. तिथे प्रत्येक नवा माणूस एकदा ठेचकाळतो. दुसऱ्यांदा ठेचकाळत नाही, तो आमचा.

मग ‘सगळं जवळ’ या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. माझ्या रस्त्यावर चपलांची चार दुकानं आहेत, चष्म्यांची तीन, आणि एक दुकान नुसत्या मेणबत्त्यांचं. दोऱ्याचं रीळ हवं असेल तर वीस मिनिटं चालावं लागतं. मध्यवस्तीत माणसाला लागेल ते सोडून सगळं मिळतं.

माझं म्हणशील तर बरं चाललं आहे. जिन्याखालच्या खोलीत अल्टरेशनचं दुकान टाकलंय. लोक जाड होतात, बारीक होतात, मी शिवणी उसवतो, आवळतो. नवीन कोणाचं माप घेत नाही. खिडकीसमोर अग्निशमन दलाचं ठाणं आहे. तू म्हणशील, एवढ्या मोठ्या शहरात तुला नेमकी त्यांच्यासमोरच जागा सापडली? हो, सापडली. खोली मोकळी होती.

तुझा भाऊ

ता. क. माझ्या समोरच्या दाराची जागा रिकामी आहे. सहज लिहिलं.

१९ फेब्रुवारी

ताई,

या वेळी कार्डावर तीन ओळी. प्रगती आहे.

‘आवाज किती? शेजार कसा? समोरची जागा कोणी घेतली का?’ विचारलंस त्याच क्रमाने सांगतो, म्हणजे मी विषय टाळला असं व्हायला नको.

सकाळी सहाला कचऱ्याची गाडी येते. मागे जाताना ती शीळ घालते, आणि आमच्या गल्लीत तिला मागेच जावं लागतं. सातला खालच्या बेकरीचं शटर, आठपासून हॉर्न. पहिला महिना माणूस कानात कापूस घालतो. दुसऱ्या महिन्यात काढून टाकतो, कारण ऐकू यायचं ते येतंच आणि वर कान खाजतात. तिसऱ्या महिन्यात एखाद्या दिवशी गाडी आली नाही तर जिवाला घोर लागतो, काय झालं असेल बिचारीला. आपल्या घरातली शांतताही मला चांगली आठवते. स्वयंपाकघरात तू चमचा कसा ठेवलास त्यावरून पुढे दुकानात मला कळायचं की आज आपलं काही खरं नाही. त्यापेक्षा कचऱ्याची गाडी परवडली.

शेजार उत्तम. वरच्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका राहतात. शाळेत भूगोल शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना भूगोलबाई म्हणतात. वारा कुठून वाहतोय आणि कोण कोणाच्या घरी गेलंय, दोन्ही त्यांना खिडकीतून दिसतं. खालच्या मजल्यावर ट्यूबावाला. ट्यूबा म्हणजे ते पितळेचं अजस्र वाद्य, माणूस वाजवतोय की त्यात अडकलाय ते लांबून कळत नाही. तो अग्निशमन दलात आहे. हो, त्यांच्या बँडमध्येही आहे. आता तू पत्र बाजूला ठेवशील आणि भिंतीकडे बघशील, मला माहीत आहे. पण शेजारी काय निवडून मिळतात?

जागा अजून रिकामी आहे. तिघे बघून गेले. मी कोणालाही अडवलं नाही, फक्त माहिती दिली. एक नवं जोडपं आलं होतं. त्यांना सांगितलं की भिंती पातळ आहेत, मला सगळं ऐकू येतं आणि मी मत दिल्याशिवाय राहत नाही. एक दातांचे डॉक्टर आले. त्यांना नळ सोडून दाखवला. पाणी येण्याआधी तो नळ जो काही कण्हतो ते ऐकून ते म्हणाले, दिवसभर हेच ऐकतो, घरी तरी नको. तिसरा गृहस्थ भला होता, त्याला काहीच खटकेना. शेवटी त्याला गप्पांच्या नादात तेविसाव्या पायरीवरून नेला. मालकीणबाईंना कळेनासं झालंय की जागेत खोट काय आहे. मी म्हटलं, योग्य माणूस येईपर्यंत कळ काढा.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी बॅग उचलली तेव्हा तू दारात उभी होतीस आणि दोनच शब्द बोललीस, ‘लिहून दे.’ मी म्हणालो, लिहून देण्यासारखं काही केलेलं नाही. तू म्हणालीस, मग लिहून देईपर्यंत तुझ्याशी बोलणं बंद. ताई, मी तुला जिन्यावर, नळावर, कचऱ्याच्या गाडीवर हवं तेवढं लिहून देईन. ते एक सोडून. त्या चाळीस कोटांच्या वेळी टेप म्हणाली तेच मी वहीत लिहिलं होतं. तू समोर राहायला आलीस तरी माझं उत्तर हेच राहील. ते चालत असेल तर ये, नसेल तर दातांच्या डॉक्टरांना परत बोलावतो.

तुझा भाऊ

ता. क. डॉक्टरांना बोलावणार नाही. रागाच्या भरात लिहिलं.

७ मार्च

ताई,

जागा घेतलीस, आणि ते मला मालकीणबाईंकडून कळावं? जिन्यात गाठून म्हणाल्या, ‘तुमच्या समोर एक बाई येतायत, फार कमी बोलतात.’ मी म्हटलं, ओळखतो.

मग तुझं कार्ड आलं: ‘१९ मार्च, शुक्रवारी येत आहे. बाबांचे कपाट आणणार. दाराचे माप कळवणे.’

शुक्रवार नको. कुठलाही दुसरा वार घे. शुक्रवारी समोर बँडची तालीम असते, आणि १९ तारखेला तर वर्धापनदिनाची रंगीत तालीम आहे, सगळे पूर्ण गणवेशात. रस्त्यात गर्दी होते. हेच कारण आहे, दुसरं काही नाही. शनिवारी ये.

आणि ते कपाट कशाला? दुकान बंद होऊन सात वर्षं झाली. त्यात शिवून झालेले कोट दोन रांगांत टांगता यावेत म्हणून बाबांनी ते एवढं खोल करून घेतलं, की लहानपणी मी त्यात झोपायचो. एकही स्क्रू नाही, सगळं सांध्यात सांधा घालून चिकटवलेलं, सुटं होणार नाही. पण तू ‘आणणार’ लिहिलं आहेस, ‘आणू का’ नाही. तेव्हा आज दुपारी टेप घेऊन तुझ्या दाराशी गेलो.

टेप म्हणजे बाबांचीच. ती मी नेली हा तुझा माझ्यावरचा दुसरा राग. माझ्याकडे आहे, गळ्यात असते, बरी आहे.

चौकटीला टेप लावून उभा होतो, तेवढ्यात भूगोलबाई खाली आल्या.

“ही तर दोनपासून सुरू होते,” त्या म्हणाल्या. “पुढचा तुकडा कुठे गेला?”

“जळाला. वडिलांनी तापलेली इस्त्री ठेवली तिच्यावर.”

“मग नवी नाही घेतली?”

“वडील म्हणाले, उरलेले अठ्ठावन्न इंच चांगले आहेत.”

“अहो, पण मापं चुकत असतील!”

“का म्हणून चुकतील? आमच्याकडे नियम होता. माप घेणाऱ्याने टेप म्हणेल तोच आकडा वहीत लिहायचा. कापणाऱ्याने त्यातून दोन वजा करायचे. तीस वर्षं मी मापं घेतली आणि माझ्या बहिणीने वजा करून कापलं.”

त्या दोन पायऱ्या चढल्या, थांबल्या. “आणि दोघांनीही वजा केलं तर?”

“तर कोट दोन इंच घट्ट होतो.”

“आणि कोणीच नाही केलं तर?”

“असं अजून झालेलं नाही,” मी म्हणालो.

शिकवला भूगोल, पण बाईंचं गणित बघ! मग त्या पायरीवर बसल्याच. त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि मला सांगावं लागलं. अग्निशमन दलाच्या बँडचे चाळीस कोट, माप माझं, कापणी तुझी. समारंभात बँडमास्तरांनी काठी उचलली, चाळीस जणांनी छाती भरून श्वास घेतला आणि पुढच्या रांगेची बटणं तटातट सुटली. एक प्रमुख पाहुण्यांच्या चहात पडलं. त्यानंतर आपल्या दुकानाची पायरी कोणी चढलं नाही. तू म्हणालीस, मी नेहमीसारखे दोन वजा केले, म्हणजे तूही आधीच केले होतेस. मी म्हणालो, मी नाही केले, तूच दोनदा केलेस.

“मग खरं कोण होतं?” भूगोलबाईंनी विचारलं.

मला दुकानात काम होतं, मी खाली गेलो.

तर ताई, ऐक. तुझा दरवाजा छत्तीस इंच. हा आकडा मी तीनदा बघितला. यापुढे इंचांविषयी मी काही लिहिणार नाही आणि तूही काही विचारू नकोस. त्या विषयाला तोंड फुटलं की आपण पुन्हा तिथेच जाऊ, आणि मला या खेपेला तिथे जायचं नाही. मला तू समोर यायला हवी आहेस. भांडण न होता एखादा माणूस समोरच्या दारातून आत गेला आणि बाहेर आला, एवढं मला रोज बघायचं आहे. बास.

तुझा भाऊ

ता. क. शनिवार.

१९ मार्च, शुक्रवार
सकाळी पावणेअकरा, आपल्या दोन दारांच्या मधल्या जागेत

ताई,

घाबरू नकोस. तू घाबरली नसशील, पण हमाल घाबरलेत म्हणून लिहितो. तू आतून बोलणार नाहीस हे ठरलेलंच आहे, आणि मी मोठ्याने बोललो तर जिन्यात ऐकणारी माणसं आहेत. म्हणून हा कागद कपाटाच्या पायांमधून दुकानातल्या लाकडी गजाने आत ढकलतोय. उलटा आला तर सुलटा करून वाच.

झालं ते असं. भिंत जाड आहे आणि चौकट आतल्या अंगाला. बाहेरून खाच ऐसपैस, त्यामुळे कपाट हातभर निमूट आत गेलं आणि चौकटीशी अडलं. हमालांना वाटलं जोर कमी पडतोय. त्यांनी जोर लावला. आता ते भिंतीत असं काही बसलंय की पुढे जात नाही आणि मागेही येत नाही. ‘कपाट कुठे ठेवायचं ते दाखवते’ म्हणून तू आधीच आत गेलीस, ती आतच राहिलीस. हमालांचा म्होरक्या मला म्हणाला, “काका, मापात काहीतरी गडबड आहे.” मी म्हणालो, माप बरोबर आहे, कपाट प्रवासात फुगलं असेल. तो माझ्याकडे बघत राहिला. आता सुतार शोधायला गेलाय.

सकाळी तू जिना चढून वर आलीस तेव्हा मी ‘ये’ म्हणालो होतो. तू माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघितलंस आणि आत गेलीस. तेविसाव्या पायरीवर तू ठेचकाळली नाहीस, पाय उचलून टाकलास. म्हणजे माझी पत्रं नीट वाचली होतीस. मला तेवढ्यावर आठवडाभर राहता येईल.

खुर्ची असेल तर बस. गुडघ्यांवर ताण देऊ नकोस.

अकरा वाजून दहा मिनिटं

तुझी चिठ्ठी गजाच्या टोकाला अडकून बाहेर आली. ‘छत्तीस म्हणजे वजा करून की न करता?’

ताई, ही काय वेळ आहे हे विचारायची? तू कोंडली गेली आहेस. आधी बाहेर येण्याचं बघू.

भूगोलबाईंनी कोणाला न विचारता समोर अग्निशमन दलाला फोन केला. ते खिडकीला शिडी लावणार आहेत. आग नसली तरी माणूस अडकलाय म्हटल्यावर ते येतातच, त्यांचा नियम आहे. तुला सांगत होतो शनिवारी ये. आज रंगीत तालीम, सगळे बँडच्या कोटात आहेत, आणि बदलायला वेळ नाही म्हणून तसेच निघालेत. शिडीवर बँडमास्तर स्वतः चढणार असं ऐकतो.

एक विनंती आहे. बँडमास्तर खिडकीशी आले की त्यांच्या तोंडाकडे बघ. सभ्य माणूस आहे, मिशा चांगल्या आहेत. कोटाकडे बघू नकोस. बगलेखालची शिवण तर मुळीच बघू नकोस. त्यात काही बघण्यासारखं नाही.

अकरा पंचवीस

खाली रस्त्यात टाळ्या वाजल्या, तेव्हा मला वाटलं तू उतरलीस. जिन्यातल्या खिडकीतून वाकून बघितलं तर बँडमास्तर शिडीवर हात वर करून उभे, आणि तू खिडकीतून अर्धी बाहेर वाकून त्यांच्या कोटाची बाजू उलटी करून बघते आहेस. अगं, माणूस तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर लटकतोय! त्यांना गुदगुल्या होतात, मला माहीत आहे, मी चारदा माप घेतलंय त्यांचं.

मग ही चिठ्ठी. ‘शिवण कोणी सोडली? टाके तुझे आहेत. किती कोट?’

सदतीस.

बरं, आता लपवून काय उपयोग? इथे राहायला आलो तो खोली मोकळी होती म्हणून नाही. खोली मोकळी नव्हती, चार महिने वाट बघितली. समोर ठाणं होतं म्हणून आलो. पहिल्या वर्षी त्यांनी मला दारात उभं केलं नाही. दुसऱ्या वर्षी ट्यूबावाला एकटा आला. गुपचूप, कोट वर्तमानपत्रात गुंडाळून. मी उसवून बघितलं तर आत प्रत्येक शिवणीला दोन बोटं माया. बाबा तुला त्यावरून किती बोलायचे, कापड फुकट घालवतेस, माया एवढी कोण ठेवतं? तू ऐकलं नाहीस. ताई, तू जादा ठेवलेल्या त्या कापडावर सदतीस कोट सैल झाले. एकाला जोड लावावा लागला नाही. ट्यूबावाल्याचा तर चारदा सैल केलाय. आता माया संपली आहे आणि तो अजून वाढतोच आहे.

उरले तीन. दोघं दुसऱ्या गावी गेले. तिसरा म्हणतो, शिंप्यावर विश्वास नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

पावणेबारा

शिडी परत गेली. तू उतरायला नाही म्हणालीस असं बँडमास्तर सांगून गेले. म्हणाले, “बाई म्हणतात, अजून एक कागद यायचाय.”

बसलोय आता जमिनीवर, कपाटाला पाठ लावून. पलीकडे तूही बसली असशील. लिहून देतो.

मी वजा केलं होतं. चाळीसच्या चाळीस.

वाईट हेतू नव्हता. रांगेत पहिला ट्यूबावालाच होता. मी पोटाचं माप मोठ्याने वाचलं, बावन्न. त्याचा चेहरा असा पडला की मला बघवेना. मी म्हटलं, थांबा थांबा, आमची टेप दोनपासून सुरू होते, तुम्ही पन्नासच आहात. आणि पन्नास लिहिलं. तो हसला. मागच्याने ते ऐकलं आणि म्हणाला, माझेही दोन कमी करा. मग सगळ्यांचेच केले. चाळीस माणसं माझ्यासमोरून खूश होऊन गेली, आणि तुला सांगायचं राहून गेलं.

बटणं सुटली त्या क्षणी मला आठवलं. समारंभातच आठवलं, ताई. घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की सांगायचं. तू दारातच म्हणालीस, ‘तू वजा केलंस का?’ आणि माझ्या तोंडून ‘नाही’ निघून गेलं. एकदा निघाल्यावर ते परत घ्यायला सात वर्षं लागली. तुझा हात चुकला असं मी लोकांना वाटू दिलं. तुझा हात कधीच चुकला नाही. मला याची लाज वाटते, आणि सकाळी टेप गळ्यात घालताना रोज वाटते.

आता छत्तीसचं. ते मी वजा न करता लिहिलं. शपथेवर सांगतो. बाबांचा नियम या वेळी तंतोतंत पाळायचा, टेप म्हणेल तेच लिहायचं, एवढं ठरवून दाराशी गेलो होतो. वजा करणं तुझं काम, तू ते कधी विसरत नाहीस. दार खरं चौतीस आहे. तू छत्तीसातून दोन वजा केले असतील, तर हे कपाट अडायलाच नको होतं. मला काही कळत नाही.

हा कागद सरकवतो.

बारा वाजता

तुझी चिठ्ठी हातात आहे. पुन्हा पुन्हा वाचतो आहे.

‘ठाऊक आहे. तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी बँडमास्तरांना बोलावून मी स्वतः माप घेतले. वहीतला तुझा आकडा खऱ्या मापाएवढाच होता, म्हणजे दोन आधीच वजा. तू लिहून द्यावेस म्हणून थांबले. या वेळीही तू वजा केलेच असशील असे धरून मी केले नाही. कपाट पस्तीस आहे.’

म्हणजे सात वर्षांत मी एक गोष्ट सुधारली आणि त्यानेच घात झाला! आणि तू, सगळं माहीत असून, माझी चूक सांभाळून घ्यायला निघालीस, तीही मला न सांगता. भूगोलबाई वरून विचारतायत की हा माणूस जमिनीवर बसून एकटाच का हसतोय. एकटा नाही. कपाटाच्या पलीकडून आवाज येतोय, आणि ते खोकणं नाही हे मला कळतं.

सुतार आलाय. म्हणतो, चौकट काढावी लागेल, त्याला खरं माप हवं. हमाल म्हणतात, या काकांना मापू देऊ नका. मी त्यांना उत्तर देणार होतो, तेवढ्यात तू बोललीस. मोठ्याने, जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“गुंड्या, लिहीत काय बसलायस? टेप सरकव आत. दार मी मोजते. आकडा ओरडून सांगेन, तो सुताराला तसाच सांग. तू त्याला हात लावू नकोस.”

मला सात वर्षांत कोणी गुंड्या म्हटलेलं नाही.

गळ्यातून टेप काढली आहे, गजाला गुंडाळतो आहे. कागदाची अर्धी बाजू कोरी आहे, राहू दे तशीच.